लंडनच्या ब्रिटिश म्युझियमसाठी तीनच तास आहेत. काय पाहावं?

इतिहासाची आवड आहे पण अभ्यास नाही, असं तुम्ही लिहिलंय. मीही त्याच गटातला. म्हणून आधीच सांगतो, सगळं बघायचा हट्ट सोडा. संग्रहात जवळपास ८० लाख वस्तू आहेत आणि मांडलेल्या सुमारे ८० हजार, म्हणजे शंभरात एक. पहिल्या खेपेला मी दालनांच्या क्रमाने निघालो आणि चौथ्या तासाला एका बाकावर बसून पाय चोळत होतो. काय पाहिलं ते आज निम्मंही आठवत नाही.

रोझेटा शिळा (दालन ४) बघालच. एकच मजकूर तीन लिप्यांत कोरलेली ही शिळा, हिच्यामुळे प्राचीन इजिप्तची चित्रलिपी उलगडली. समोर मोबाइल उंचावलेली गर्दी असते, तिच्यात घुसू नका, कडेला जा. शिळेच्या बाजूंवर इंग्रजीत रंगवलंय की ब्रिटिश सैन्याने ती १८०१ मध्ये इजिप्तमध्ये हस्तगत केली आणि तिसऱ्या जॉर्ज राजाने ती दिली. शिळा इथे कशी आली हे शिळेवरच लिहिलेलं, आणि बहुतेकांना ते दिसतही नाही. दालन १ मध्ये तिची प्रतिकृती आहे, तिला हातही लावता येतो.

तिथून जवळच १०अ मध्ये असिरियाच्या (आजचा उत्तर इराक) असुरबनिपाल राजाच्या सिंहशिकारीचे शिल्पपट आहेत, इ.स.पू. ६४५च्या आसपासचे. कोरले राजाच्या पराक्रमासाठी, पण बाण लागून कंबरेखाली लुळी पडलेली, पुढच्या पायांवर शरीर ओढणारी सिंहीण पाहिली की राजा आठवतच नाही. इथे दहा मिनिटं तरी उभे राहा.

मग ममी सोडून (हो, सोडून!) थेट वरच्या मजल्यावर दालन ५६ गाठा. मेसोपोटेमिया, म्हणजे साधारण आजचा इराक. माझा अर्धा वेळ मी इथेच देईन. तळहाताएवढी एक मातीची पाटी शोधा, इ.स.पू. १७५०च्या सुमाराची. नन्नी नावाच्या गिऱ्हाइकाने एआ-नासिर या तांब्याच्या व्यापाऱ्याला धाडलेलं तक्रारपत्र आहे ते. माल हलका दाखवलास, माझ्या माणसाला शत्रूच्या मुलखातून रिकाम्या हाताने परत पाठवलंस, यापुढे माझ्या अंगणात एकेक लगड निवडून घेईन, असा सूर. पावणेचार हजार वर्षांपूर्वीचा माणूस इतका ओळखीचा वाटेल असं मला वाटलं नव्हतं.

याच दालनात उर शहरातल्या राजघराण्याच्या थडग्यांमधले दागिने आहेत. त्यातले लालसर कार्नेलियन दगडाचे काही मणी सिंधू खोऱ्यातल्या घडणीचे, निळा लाजवर्द दगड अफगाणिस्तानातला. हे डोक्यात ठेवून खाली दालन ३३ मध्ये या आणि सिंधू संस्कृतीच्या मुद्रा बघा. एवढ्याशा! मी आधी त्यांच्यासमोरून तसाच पुढे गेलो होतो. वरचे मणी पाहून आल्यावर मात्र त्या मुद्रा नुसत्या 'आपल्याकडच्या जुन्या वस्तू' राहत नाहीत, दूरवर माल धाडणाऱ्या लोकांच्या होतात.

शेजारच्या ३३अ मध्ये काचेआड अमरावतीच्या स्तूपाची शिल्पं आहेत. महाबळेश्वरला उगम पावणाऱ्या कृष्णेच्याच काठचा हा स्तूप, फक्त खूप खाली, आंध्रात. घाईत बघू नका. वेळ उरला नाही तर वरचं काहीतरी कापा, हे नको.

बाकी किरकोळ: प्रवेश फुकट आहे, पण संकेतस्थळावर वेळ नोंदवून जा, म्हणजे रांग कमी लागते. चाकांची मोठी बॅग आत नेऊ देत नाहीत. वस्तू आणि दालनं अधूनमधून बंद असतात, तेव्हा आदल्या दिवशी तपासा. जमलं तर शुक्रवार निवडा. त्या दिवशी रात्री साडेआठपर्यंत उघडं असतं.