वाचकांचे प्रश्न : लांडगा इन्स्पेक्टर झाला तर?

प्रश्न : ताई, भाचा मे महिन्यात मुंबईहून आला तेव्हा त्याच्या बॅगेत एक इंग्रजी कॉमिक मिळालं, त्यात लांडगा कोट घालून सिगरेट ओढत तपास करतोय आणि हिमगौरी त्याची साहेब. पोरगा सातवीत आहे, वाचू द्यावं का? आणि मी थोडीफार चित्रं काढतो, आपल्या गोष्टींचं असं काही केलं तर ती कॉपी होईल का?
– एक वाचक, मालवण

उत्तर : दादा, ते 'फेबल्स', बिल विलिंगहॅमचं, २००२ पासूनचं. मोठ्यांसाठीच काढलेलं आहे, सातवीत नको. पण माळ्यावर लपवू नका हां, पोरं पहिलं तिथेच बघतात, सरळ सांगा की दहावीनंतर.

तुम्ही मात्र वाचाच. शत्रूने मुलूख घेतला म्हणून गोष्टीतली माणसं न्यूयॉर्कात लपून राहतायत, आणि सुरुवातीलाच हिमगौरीच्या बहिणीची खोली रक्ताने माखलेली सापडते, बहीण गायब. पुढचं सांगत नाही. मला खून वगैरेपेक्षा राजपुत्र आवडला, घटस्फोटित, खिशात दमडी नाही, गोड बोलून कुणाच्या तरी घरी मुक्काम ठोकतो. आणि लांडग्याच्या घरी झोपायला कोण येतं तर तीन डुकरांतलं एक, त्याचं घर कोणी फुंकून पाडलं होतं ते आपल्याला बालवाडीपासून माहितीये.

कॉपीचं म्हणाल तर नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो आणि लोककथा कुणाच्या बापाच्या नाहीत. त्यांची चित्रं, त्यांचं कथानक तेवढं उचलू नका. विलिंगहॅमने २०२३ मध्ये हे सगळं लोकांना खुलं केलं असं जाहीर केलंय पण प्रकाशक डीसी कॉमिक्स म्हणते हक्क आमचेच, आपण कशाला त्यात पडा.

आणि तुम्हाला न्यूयॉर्क हवंय कशाला? दशावताराच्या रात्री देवळामागे गेलायत ना कधी, मुकुट बाजूला काढून ठेवलेला राजा अर्ध्या मेकअपमध्ये ट्रंकेवर बसून विडी ओढतो आणि पहाटेच्या एसटीचं विचारतो, हाच तुमचा इन्स्पेक्टर. केस चिऊ-काऊची घ्या. शेणाचं घर वाहून गेलं, कावळा रात्रभर दार ठोठावत होता, आणि चिमणीचा जबाब काय तर बाळाला न्हाऊ घालत होते, तीट लावत होते. अख्खी रात्र? भोपळ्यातली म्हातारी बघा, रस्त्यावरची एकमेव साक्षीदार, पण काहीही विचारा, कशाची म्हातारी नि कशाचं काय म्हणून टुणूक टुणूक पुढे.

जुलै ठेवा, मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी झाकलेल्या, लाइट गेलेली. पाऊस उगाच रेघा मारून दाखवत बसू नका, भिजलेला जांभा दाट काळ्या शाईने भरा आणि चिमणीच्या दाराखालून येणारी उजेडाची फट तेवढी पांढरी सोडा.