आधी मान वाढली की आधी अंग? (पन्हाळ्याच्या दगडासह उत्तर)

ताई, तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. मुलाला पन्हाळ्याच्या उतारावर सापडलेला दगड डायनासोरचं अंडं असेल का, ही एक. आणि दुसरा खुद्द त्याचा प्रश्न: लांब मानेच्या डायनासोरांची आधी मान वाढली की आधी अंग? दगडाचं आधी सांगतो, ते लवकर उरकेल. दुसऱ्यावर मात्र रेंगाळणार आहे, कारण पोरानं नेमक्या जागी बोट ठेवलंय.

दगड अंडं नाही. फोटोत कडेला कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले दिसतात. आपला काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, झिजताना असाच गोल गोल सोलत जातो. शिवाय पन्हाळा काय, जोतिबा काय, सगळा डोंगर सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्या रसात अंडं कुठून टिकणार! खरी अंडी मिळतात ती नर्मदेच्या खोऱ्यात, लाव्हाच्या खाली दबलेल्या लामेटा थरांत. मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यातून 92 घरटी आणि 256 अंडी सापडल्याचं 2023 मध्ये प्रसिद्ध झालं. ती टायटॅनोसॉरांची, म्हणजे लांब मानेच्या याच घराण्यातल्या शेवटच्या पिढ्यांची.

या घराण्याची सुरुवात मात्र सुमारे 23.3 कोटी वर्षं मागे जाते आणि ती बघून कुणालाही वाटणार नाही की यातून पुढे डोंगराएवढे प्राणी होणार आहेत. दक्षिण ब्राझीलमधल्या ब्युरिओलेस्टीसला 2016 मध्ये नाव मिळालं. दोन पायांवर पळणारा, जेमतेम दीड मीटरचा प्राणी. दात मागे वळलेले, करवतीसारखे. म्हणजे हा पाला नाही, किडे-सरडे खाणारा. 2020 मध्ये त्याच्या कवटीच्या पोकळीवरून मेंदूचा आकार काढला, तर नजरेनं भक्ष्याचा माग ठेवायला लागणारा भाग चांगला वाढलेला निघाला. थोरल्या शाकाहाऱ्यांचं मूळ असं शिकाऱ्यात आहे. अर्जेंटिनाच्या इओरॅप्टरचंही असंच झालं. 1993 मध्ये त्याला मांसाहारी डायनासोरांच्या शाखेत बसवलं होतं, 2011 मध्ये अभ्यासकांनी त्याला लांब मानेवाल्यांच्या मुळाशी आणून ठेवलं. इतक्या सुरुवातीला दोन्ही शाखांची पोरं सारखीच दिसतात, त्यामुळे त्या जुन्या वर्गीकरणाला मी चूक म्हणणार नाही.

मग मान. ब्राझीलमध्येच 2018 साली मॅक्रोकॉलमचं वर्णन झालं. तीन सांगाडे एकमेकांजवळ, सुमारे 22.5 कोटी वर्षांपूर्वीचे. लांबी साडेतीन मीटरच्या आसपास, चाल दोन पायांवरच, पण मान चांगलीच लांब आणि डोकं लहान. 2025 मध्ये अर्जेंटिनाच्या अँडीजमधून हुआयराकर्सर पुढे आला. तो त्याहूनही जुना, जेमतेम दोन मीटरचा, आणि तरी मान लांबायला लागलेली. म्हणून मुलाला सरळ सांगा: मान आधी. अंग त्या काळातही थोडंफार वाढत होतं, पण खरा अगडबंब देह पुष्कळ नंतरचा. पाला न चावता गिळायचा असेल तर जबड्याला भारी स्नायू लागत नाहीत, डोकं हलकं राहतं, आणि हलकं डोकं लांब मानेला पेलतं. मला हेच कारण सर्वांत पटतं.

पण नुसतं डोकं हलकं होऊन भागत नाही, मानेची हाडंही हलकी लागतात. इथे अलीकडचं जे काम झालंय ते मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. थोरल्या लांबमानेवाल्यांच्या मणक्यांत पक्ष्यांसारख्या हवेच्या पिशव्या शिरलेल्या असत. हाड आतून अनारशासारखं जाळीदार. ही जाळी पहिल्यापासूनच होती, असं बरेच जण धरून चालत. 2022 मध्ये ब्युरिओलेस्टीस आणि त्याच्या काळातल्या आणखी दोन डायनासोरांचे मणके सीटी स्कॅनखाली घातले, तर जाळी नाहीच! पुढच्याच वर्षी मॅक्रोकॉलमचे मणके तपासले आणि तिथे हवेच्या खुणा सापडल्या. मधल्या 80 लाख वर्षांत काय घडलं, ते असं हाडाच्या आतच लिहिलेलं निघालं.

आता अंग. अर्जेंटिनाच्या इंजेंशियाचं वजन 10 टनांपर्यंत काढलंय, म्हणजे दोन हत्तींएवढं, आणि तेही ट्रायासिक, म्हणजे डायनासोरांचा पहिला कालखंड, संपायच्या आत. 2018 मध्ये तो जाहीर झाला. पण त्याचे पाय तालमीतल्या पैलवानाच्या पवित्र्यासारखे वाकलेले. हाडांत वाढीची वलयं आहेत, म्हणजे वाढ सलग नव्हती, झपाटा यायचा आणि थांबायचा. पुढच्या खऱ्या सॉरोपॉडांचे, म्हणजे चार पायांवर चालणाऱ्या महाकाय लांबमानेवाल्यांचे, पाय खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरातल्या खांबांसारखे ताठ, भार सरळ जमिनीत उतरवणारे. म्हणजे प्रचंड होण्याची वाट एकच नव्हती. खांबांची वाट पुढे टिकली.

आणि हे सगळं परदेशातच घडलं असं मुलाला वाटू देऊ नका. 2022 मध्ये झिंबाब्वेतून म्बिरेसॉरस जाहीर झाला, तेव्हा अभ्यासकांनी दाखवलं की पँजियावर, म्हणजे सगळे खंड जोडलेले होते त्या अखंड भूमीवर, दक्षिण ब्राझील, अर्जेंटिना, झिंबाब्वे आणि आपला भारत एकाच समशीतोष्ण पट्ट्यात होते. सुरुवातीचे डायनासोर त्याच पट्ट्यात सापडतात. प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यातल्या मालेरी खडकांतून नांबालिया आणि जकलपल्लीसॉरस ही या घराण्यातली दोन नावं 2011 मध्ये मिळाली. गडचिरोलीत सिरोंच्याजवळ कोटा गाव आहे, त्याच्या नावाच्या खडकांतून बारापासॉरस निघाला. 'बडा पा' म्हणजे बंगालीत मोठा पाय. मांडीचं हाड सुमारे 1.7 मीटर! नावात टागोरांचीही आठवण ठेवलीय.

त्याचा सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे. ते लांब पडेल, तर सुट्टीत हैदराबादच्या बिर्ला विज्ञान संग्रहालयात न्या. तिथला कोटासॉरस त्याच खडकांतला. पोराला मान बघायची घाई होईल, पण आधी मागच्या पायापाशी उभं करा आणि गुडघा किती वाकलाय ते त्याचं त्याला ठरवू द्या. त्याला काय दिसलं ते इथे जरूर लिहा, मी वाट बघेन.