एकाग्रतेआधी ओघ कमी करा: छोट्या व्यवसायाच्या मालकाचा दिवस

प्रश्न थोडक्यात असा: सहा माणसांचा व्यवसाय, मालक रोज बारा तास कामावर, तरी संध्याकाळी कोटेशनं तशीच, हिशेब अर्धवट, वसुलीचे फोन राहिलेले. कामांची यादी चाळीसवर गेली आहे. पहाटे उठून पाहिलं, दोन ॲप वापरून पाहिली, पंधरा दिवसांत सगळं पुन्हा मूळपदावर. आता मन एकाग्र कसं करायचं?

माझ्या मते दुखणं एकाग्रतेचं नाही. सहा जणांच्या शंका, ग्राहकांचे फोन, पुरवठादारांच्या विचारणा आणि वर तुमचं स्वतःचं काम, हे सगळं एकाच माणसापाशी येऊन थांबतंय. त्या माणसाचं लक्ष टिकलं तरच नवल. म्हणून आधी तुमच्याकडे येणारा ओघ कमी करायचा आणि मग उरलेल्या वेळाला कुंपण घालायचं. हा क्रम उलटला की कुंपण पहिल्याच गर्दीच्या दिवशी मोडतं. पहाटे उठण्याचंही तेच झालं असणार: दोन तास जास्त मिळाले, ते दुपारपर्यंत बाकीच्या कामांनी खाल्ले.

पहिलं काम मोजण्याचं. पाच कामाच्या दिवसांची नोंद ठेवा. खिशात मावेल अशी वही आणि पेन घ्या. फोनमध्ये नोंद करू नका, कारण फोन उघडला की संदेश दिसतात आणि नोंद बाजूला राहते. काम बदललं की वेळ लिहायची आणि दोन शब्द: '10.20, माल तपासणी', '10.31, फोन, दर विचारला'. पुढे एक अक्षर टाका. स्वतःहून घेतलेल्या कामाला 'स्व', दुसऱ्याने आणून दिलेल्याला 'दु'. रात्री आठवून लिहायचं नाही. आठवणीत मोठी कामं राहतात, दोन-दोन मिनिटांचे व्यत्यय गळून जातात आणि आपल्याला नेमके तेच पकडायचे आहेत. तिसऱ्या दिवशी कंटाळा येतो. तसं झालं तर दिवसभराचा हट्ट सोडा, पण सर्वात गजबजलेल्या तीन तासांची नोंद सोडू नका.

पाचव्या दिवशी वही घेऊन बसा आणि नोंदींचे चार ढीग करा: फक्त तुम्हीच करू शकता अशी कामं (दर ठरवणं, मोठ्या ग्राहकाशी बोलणं, माणूस नेमणं), एकदा नीट शिकवलं तर दुसरा करू शकेल अशी, पुन्हापुन्हा आलेले तेच प्रश्न, आणि केली नसती तरी काही बिघडलं नसतं अशी. वर्गवारी आठवड्याच्या शेवटीच करा. लिहितानाच केली की मन प्रत्येक कामाची बाजू घ्यायला लागतं. मग एक आकडा काढा: व्यत्ययाशिवाय सलग मिळालेला सर्वात मोठा वेळ किती मिनिटांचा होता? तो 40 मिनिटांपेक्षा कमी असेल, तर गुंतागुंतीचं कोटेशन राहून जाणारच, तुम्ही कितीही जिद्दीने बसलात तरी.

दोन मिनिटांचा प्रश्न दोन मिनिटांत संपत नाही हे लक्षात घ्या. संशोधक सोफी लरॉय यांनी 2009 मध्ये दाखवलं, की काम अपुरं सोडून दुसऱ्याकडे वळलं की लक्षाचा काही भाग मागच्या कामातच अडकून राहतो आणि पुढचं काम त्यामुळे खालच्या दर्जाचं होतं. मालकाच्या दिवसात असे अडकलेले तुकडे एकावर एक साचत जातात. संध्याकाळी थकवा येतो आणि काय केलं ते सांगता येत नाही, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

आता थोडं गणित, कारण ते पटलं की पुढचे नियम जाचक वाटत नाहीत. कामं अनियमितपणे येतात, प्रत्येकाला कमी-जास्त वेळ लागतो आणि ती उरकणारा माणूस एकच आहे, अशा रांगेचं एक साधं सूत्र आहे. तो माणूस 80 टक्के वेळ गुंतलेला असेल, तर नव्या कामाला सरासरी एका कामाच्या वेळेच्या 4 पट थांबावं लागतं. 90 टक्के गुंतलेला असेल तर 9 पट, 95 टक्क्यांना 19 पट. म्हणजे सरासरी काम 20 मिनिटांचं धरलं, तर 80 टक्के भरलेल्या दिवसात ते 80 मिनिटं थांबेल आणि 95 टक्के भरलेल्या दिवसात सहा तासांहून जास्त. माणूस तोच, काम तेच. फरक फक्त दिवस किती ठासून भरला याचा. म्हणून दहा तासांच्या दिवसात सहा तासांचंच काम आधी ठरवा. उरलेले चार तास रिकामे राहत नाहीत, येणारी कामं ते भरतातच. पण ती भरताना ठरलेलं काम ढकललं जात नाही.

यादीचंही तसंच. रांगांचा अभ्यास करणारे संशोधक जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केलेला नियम सांगतो, की रांगेतल्या कामांची सरासरी संख्या म्हणजे कामं येण्याचा वेग गुणिले प्रत्येक काम रांगेत काढत असलेला वेळ. यादीत 40 कामं कायम असतील, रोज 5 निपटत असतील आणि तितकीच नवी येत असतील, तर प्रत्येक काम सरासरी 8 दिवस यादीत राहतं. मग ग्राहकाला 'उद्या पाठवतो' म्हणणं हे खोटं आश्वासन ठरतं, तुमचा हेतू कितीही चांगला असला तरी. ॲप बदलून हा आकडा हलत नाही. यादीत शिरणारी कामं कमी करूनच तो खाली येतो.

ओघ कमी करण्याचं सर्वात परिणामकारक साधन म्हणजे प्रश्नवही. कामाच्या जागी सगळ्यांच्या हाताशी एक वही ठेवा. कोणालाही काही विचारायचं असेल तर आधी तिथे लिहायचं, आणि खाली स्वतःला योग्य वाटणारं उत्तरही लिहायचं. तुम्ही दिवसातून दोनदा, उदाहरणार्थ साडेअकरा आणि साडेचारला, वीस-वीस मिनिटं बसून सगळं एकदम निकाली काढायचं. मधे थेट हाक मारायला फक्त तीन कारणं चालतील: कोणाला इजा झाली, काम पूर्ण थांबलं, किंवा समोरचा ग्राहक निघून चालला. ही तीन कारणं मोठ्या अक्षरात भिंतीवर लावा. 'तातडीचं असेल तरच या' एवढंच सांगितलं, तर प्रत्येकाची तातडी वेगळी निघते.

बऱ्याच प्रश्नांचं उत्तर लिहिता लिहिताच सुटतं; विचारणाऱ्याने स्वतः सुचवलेलं उत्तर बहुधा बरोबर असतं आणि तुम्हाला फक्त खूण करायची उरते. तरी ही पद्धत मोडते, आणि मोडते ती बहुतेक वेळा मालकाकडूनच. चार वाजता सहज बाहेर येऊन त्याने 'काय चाललंय?' विचारलं की चार जण घेरतात. किंवा उत्तर तोंडी दिलं जातं, वहीत उतरत नाही, आणि पुढच्या महिन्यात तोच प्रश्न पुन्हा येतो. सर्वात जास्त नुकसान मात्र वेगळ्याच गोष्टीने होतं: कोणी स्वतः निर्णय घेतला, तो थोडा चुकला, आणि मालक सगळ्यांसमोर त्याच्यावर ओरडला. दुसऱ्या दिवसापासून एकूण एक प्रश्न परत मालकाकडे येतात, आणि विश्वास पुन्हा बसायला महिने जातात. चूक झाली तर एकट्याला बाजूला घेऊन विचारा, 'हे ठरवताना तुझ्याकडे कोणती माहिती नव्हती?' आणि ती माहिती लिहून ठेवा.

एकच प्रश्न वहीत तिसऱ्यांदा दिसला की त्याचा नियम करायचा, आणि नियमात आकडा हवाच. 'योग्य ती सूट द्यावी' या वाक्याने एकही प्रश्न कमी होत नाही. '5 टक्क्यांपर्यंत सूट काउंटरवरच्या माणसाने द्यावी, विचारू नये' किंवा 'खराब निघालेली वस्तू 7 दिवसांत परत आली तर बदलून द्यावी' असं लिहा. मर्यादा ठरवताना स्वतःला विचारा: ही चूक आठवड्यातून एकदा झाली तर महिन्याचा हिशेब कोलमडेल का? कोलमडणार नसेल ती रक्कम त्यांच्या हातात द्या. चार आठवड्यांत एकही निर्णय चुकला नाही, तर मर्यादा फार तोकडी आहे, वाढवा.

दुसऱ्या ढिगातली, म्हणजे शिकवून सोपवायची कामं घाईत देऊ नका. पहिल्यांदा तुम्ही करा आणि शिकणाऱ्याने पायऱ्या लिहाव्यात. तुम्ही लिहू नका. सवयीने हात आपोआप करतात त्या गोष्टी तुमच्या लिहिण्यातून सुटतात. दुसऱ्यांदा त्याने करावं, तुम्ही शेजारी बसा. मग तो एकटा करेल आणि तुम्ही प्रत्येक काम तपासा. सलग पाच बिनचूक झाली की पाचातलं एक तपासा. आठवड्याला एक तास घेणारं काम शिकवायला चार-पाच तास जातील असं धरून चाला, म्हणजे दुसऱ्या आठवड्यात 'यापेक्षा मीच केलं असतं' म्हणून सोडून द्यावंसं वाटणार नाही. सोपवलेलं काम परत येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे काम दिलं पण अधिकार दिला नाही: खरेदी त्याच्याकडे, पण प्रत्येक ऑर्डरला तुमची सही.

फोनबद्दल फार लिहीत नाही. सूचनांचे आवाज बंद, संदेश दिवसातून दोन ठरलेल्या वेळी. ग्राहकांना एका ओळीत कळवा की संदेशांना बारा आणि पाचला उत्तर मिळेल आणि तातडीला अमुक नंबरवर फोन करावा. तो नंबर दुसऱ्या माणसाकडे असू द्या. बहुतेक ग्राहक थांबायला तयार असतात. किती थांबायचं ते माहीत नसलं की ते चारदा फोन करतात.

हे दोन-तीन आठवडे चाललं की मगच एकाग्रतेची वेळ ठरवा. रोज 90 मिनिटं, आठवड्यातून चार दिवस. पाच दिवस ठरवू नका, एखादा दिवस हमखास जातो आणि मग सगळंच मोडल्यासारखं वाटतं. वेळ कोणती, ते नोंदवहीला विचारा: सर्वात कमी 'दु' ज्या दीड तासात पडले असतील तो. पहाटच असली पाहिजे असं काही नाही. जागा अशी हवी जिथे तुम्ही कोणाच्या नजरेला पडणार नाही. रिकामी दिसणारी व्यक्ती हे विचारायला येण्याचं आमंत्रणच असतं, आणि विचार करत बसलेला माणूस रिकामाच दिसतो. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.

आदल्या संध्याकाळी चिठ्ठीवर पहिली कृती लिहून ठेवा. 'कोटेशन करणे' ही कृती नव्हे. 'साडेनऊ वाजले की मागच्या खोलीत बसून फाइल उघडीन आणि मोजमापाचा तक्ता तिसऱ्या ओळीपासून भरीन' ही कृती. कधी, कुठे आणि काय हे असं आधीच बांधून ठेवलं की काम सुरू होण्याची शक्यता वाढते, हे मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांच्या संशोधनातून पुढे आलं आहे. मधेच उठावं लागलं तर एक मिनिट मागून घ्या आणि दोन ओळी लिहा: कुठे थांबलो, पुढची पायरी कोणती. लरॉय आणि थेरेसा ग्लॉम्ब यांनी 2018 मध्ये तपासलेला उपाय हाच आहे. मागच्या कामात अडकणारं लक्ष त्याने सुटतं. 25 मिनिटांचा टायमर बिलं किंवा नोंदी उरकायला चांगला, पण दर ठरवण्यासारख्या कामात तो नेमका विचार जुळत आला की वाजतो.

कामाला किती वेळ लागेल याचा अंदाज मनाने करू नका. मानसशास्त्रज्ञ कानमन आणि ट्वर्स्की यांनी 1979 मध्येच मांडलं, की स्वतःच्या कामाला लागणाऱ्या वेळेचा अंदाज माणूस बहुधा कमी करतो, आधीचा अनुभव वेगळं सांगत असला तरी. दहा कामांचा अंदाज आणि प्रत्यक्ष वेळ शेजारी लिहा, प्रत्यक्ष वेळेच्या बेरजेला अंदाजांच्या बेरजेने भागा. 1.6 आला तर पुढच्या प्रत्येक अंदाजाला 1.6 ने गुणा. ग्राहकाला तारीख देतानाही.

वसुलीचे फोन वेळेअभावी राहत नाहीत, ते नकोसे असतात म्हणून राहतात. त्यांना आठवड्याचा एक दिवस आणि एक तास द्या, नाव, रक्कम आणि कबूल केलेली तारीख असा तक्ता समोर ठेवा, पहिलं वाक्य लिहून ठेवा आणि शेजारी हिशेब पाहणारी व्यक्ती बसवा. कोणी शेजारी असलं की टाळाटाळ कमी होते. त्याच दिवशी 45 मिनिटं यादीला द्या. तीन आठवड्यांहून जुनं प्रत्येक काम एकतर तारखेला बांधा, दुसऱ्याला द्या किंवा खोडा, आणि खोडलं तर वाट पाहणाऱ्याला तसं कळवा.

हंगामाच्या गर्दीत 90 ची 45 मिनिटं करा, पण शून्य करू नका. चौथ्या आठवड्याच्या शेवटी पुन्हा दोन दिवस नोंद ठेवा आणि सलग मिळालेला सर्वात मोठा वेळ पहिल्या आकड्याशी ताडून पाहा. तो हललाच नसेल, तर प्रश्नवही उघडा. पानं कोरी दिसली तर माणसं अजून तोंडीच विचारत आहेत आणि तुम्ही उत्तरं देत आहात.