आजोबांच्या कपाटात सापडलेला सोनेरी 'लायका' खरा असेल का? जुने रशियन कॅमेरे विकले तर किती येतील?

तुम्ही लिहिलंय की कपाटात तीन कॅमेरे निघाले, एक सोनेरी, त्यावर लायका आणि जर्मन गरुड कोरलेला, एक झेनिट ई, आणि एकावर रशियन अक्षरं. मी बरीच वर्षं सोव्हिएत कॅमेरे जमवतोय, मधूनमधून विकतोही, आणि माझा पहिला कॅमेरा अगदी तुमच्या त्या सोनेरीसारखाच होता म्हणून आधी त्याचंच सांगतो.

लेन्स फिरवून काढा आणि आत वरच्या बाजूला टॉर्च मारा. तिथे रेंजफाइंडरची, म्हणजे अंतर मोजून फोकस जुळवणाऱ्या यंत्रणेची, एक छोटी दांडी दिसेल. लायकात तिच्या टोकाला बारीक गोल चाक असतं, फेड किंवा झॉर्कीत, म्हणजे लायकाची नक्कल असलेल्या ज्या सोव्हिएत कॅमेऱ्यांना सजवून लायका म्हणून खपवतात त्यांत, चाक नाही, पाचरीसारखा भरीव तुकडा असतो. बाहेरून मुलामा देतात, गरुड कोरतात, पण आतली ही दांडी सहसा कोणी बदलत बसत नाही. मी मुंबईत चोर बाजारातून आणलेला कॅमेरा घरी येऊन दिव्याखाली उघडला आणि ती पाचर दिसली, पैसे तर देऊन झाले होते, पोटात खड्डाच पडला.

पाचर निघाली तर कृपा करून लायका म्हणून विकू नका. आणि फेकूनही देऊ नका हो, कारण आत खरा फेड असू शकतो आणि फेड ही फार मोठी गोष्ट आहे. खार्किवला बेघर पोरांसाठी एक कम्यून, म्हणजे एकत्र राहून काम शिकायची वसाहत होती, सोव्हिएत गुप्त पोलिसांचा प्रमुख झेरझिन्स्कीच्या नावाची, तिथल्या पोरांनी लायका २ ची नक्कल करून 1934 पासून हे कॅमेरे बनवले, फेड म्हणजे त्याच फेलिक्स एडमुंडोविच झेरझिन्स्कीची आद्याक्षरं. पुढे 1948 पासून मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कला झॉर्की निघाला. मूळ रूपातला, नंबर शाबूत असलेला युद्धापूर्वीचा फेड मला कुठल्याही सोनेरी नकलीपेक्षा प्रिय आहे.

झेनिट ई मात्र दुर्मिळ नाही, तीस लाखांहून जास्त बनले. पण त्यावर हेलिओस 44 लेन्स असेल तर ती आधी नीट बघा, आजकाल पोरं ॲडाप्टर लावून मिररलेसवर, म्हणजे आत आरसा नसलेल्या नव्या डिजिटल कॅमेऱ्यांवर वापरतात, मागचं सगळं गोल फिरल्यासारखं दिसतं त्यात, त्यामुळे कधीकधी बॉडीपेक्षा लेन्सलाच जास्त भाव येतो. आपल्याकडच्या दमट हवेत बुरशी हमखास, लेन्स उजेडासमोर धरून कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसतं का ते तपासा.

तिसऱ्यावर काय लिहिलंय ते कळवा. किएव्ह, म्हणजे जर्मन काँटॅक्स कॅमेऱ्यावरून बनवलेला सोव्हिएत कॅमेरा असेल तर बहुतेक वेळा नंबरातले पहिले दोन आकडे म्हणजे बनल्याचं वर्ष, आणि 1947-48 चा निघाला तर उडीच मारा, त्यात जर्मनीहून आणलेले काँटॅक्सचे मूळ पार्ट असायचे. लेनिनग्राद असेल, स्प्रिंगची मोटर असलेला, तर मला आधी विचारा, मी स्वतः शोधतोय!

झॉर्की 3 किंवा 4 असेल तर शटर चढवल्याशिवाय स्पीडचं चाक अजिबात फिरवू नका, आतली यंत्रणा मोडते. विकताना शटरचा पडदा फाटलाय, लेन्सवर बुरशी आहे, मुलामा नंतरचा आहे, सगळं लिहा आणि त्याचे फोटोही टाका. भाव मी आत्ता सांगत नाही, लेन्स काढून आतल्या दांडीचा फोटो टाका मग बोलू.