माणसाच्या समजुती कशा तयार होतात आणि त्या आपले निर्णय कशा ठरवतात?

तुम्ही विचारलंय की माणसाच्या मनातल्या समजुती येतात कुठून आणि आपण जे ठरवतो त्यात त्यांचा हात किती असतो. मी आमच्या घरात घडलेलंच सांगतो, कारण मला यातलं जे काय कळलं ते तिथंच कळलं.

माझं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, लांज्याच्या बाजूला. आमच्याकडे साप चावला असं म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात, आणि रात्रीचं तर सापाचं नावसुद्धा घेत नाहीत, जनावर म्हणायचं. पान लागलं की माणसाला उचलून वरच्या वाडीतल्या बुवांकडे न्यायचं. बुवा कधी पैसे घेत नसत, एक नारळ आणि उदबत्ती बस. मी आठेक वर्षांचा असताना धाकट्या काकांना गवत कापताना पान लागलं तेव्हा मीपण कंदील धरून मागनं गेलो होतो. बुवांनी कडुलिंबाचा पाला चावायला दिला, कडू लागला तर विष चढलं नाही आणि कडू लागला नाही तर चढलंय, अशी ती परीक्षा. मग रात्रभर मंत्र, काकांना डोळा लागू द्यायचा नाही, लागला की कुणीतरी गदागदा हलवायचं. सकाळी काका उठून बसले आणि चहा मागितला. आता मला सांगा, आठ वर्षांच्या पोरानं यातनं काय घ्यायचं? मी ते माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं.

म्हणून मला कुणी गावच्या लोकांना अडाणी म्हटलं की वाईट वाटतं. समजूत अडाणीपणातनं येत नाही, ती पुराव्यातनंच येते, फक्त तो पुरावा आपण अर्धा मोजलेला असतो. भारतात सापांच्या तीनशेच्या आसपास जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक बिनविषारी, आपल्याकडे माणसं दगावतात ती मुख्यतः नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांमुळे, आणि विषारी साप चावला तरी दर वेळी तो विष सोडतोच असं नाही. म्हणजे बुवांकडे नेलेली बरीचशी माणसं कशीही जगणारच होती. ती जगली की बुवांच्या खात्यात जमा. आणि जे गेले ते? शेजारच्या वाडीतली एक वहिनी गेली तेव्हा मोठी माणसं म्हणाली वाटेत कुणाचा तरी विटाळ झाला असणार, कुणी म्हणालं न्यायला उशीर झाला, कुणी म्हणालं तिची वेळच भरली होती. बुवांच्या खात्यात ते मरण कुणी मांडलंच नाही. तिचा मुलगा माझ्या वर्गात होता. त्याच्या घरीसुद्धा पुढच्या पावसाळ्यात पान लागलं तेव्हा बुवांनाच बोलावलं.

आता निर्णयाचं. २००९ ला भातकापणीच्या दिवसांत माझ्या चुलतभावाला संध्याकाळी बांधावर फुरसं चावलं. अंगणात बाईक उभी होती, पेट्रोल होतं, हॉस्पिटल बावीस किलोमीटर, डांबरी रस्ता. आणि मी, शिकलेला, पुण्यात नोकरी करणारा, त्या दिवशी तिथंच होतो. काका म्हणाले बुवांकडे चला आणि आम्ही चाललो, मी स्वतः त्याचा एक हात खांद्यावर घेतला होता. न्यावं की न न्यावं अशी चर्चा झाली आणि चुकीचं ठरलं असं नाही हो, इथं काही ठरवायचं असतं हेच कुणाला सुचलं नाही. ते ठरलं होतं मी कंदील धरला त्या रात्री.

पहाटे त्याच्या हिरड्यांतनं रक्त यायला लागलं तेव्हा हॉस्पिटलला पळालो. तिथल्या डॉक्टरांनी त्याचं थोडं रक्त काचेच्या नळीत घेतलं, टेबलावर उभं ठेवलं आणि काकांना म्हणाले वीस मिनिटं हिला हात लावायचा नाही, हलवायचं नाही, फक्त बघत बसा, साध्या माणसाचं रक्त एवढ्या वेळात थिजतं. काका स्टुलावर बसून त्या नळीकडे बघत होते, मी भिंतीवरच्या घड्याळाकडे. वीस मिनिटांनी डॉक्टरांनी नळी आडवी केली आणि रक्त पाण्यासारखं वाहिलं. काका काहीच बोलले नाहीत. मग सापाच्या विषावरचं इंजेक्शन सलाईनमधनं चालू झालं, काही तासांनी परत नळी, परत वीस मिनिटं, असं करत दुसऱ्या दिवशी नळी आडवी केली तर रक्त गोळा होऊन तिथंच राहिलं. काकांनी ती नळी हातात घेऊन खिडकीपाशी नेऊन बघितली.

चाळीस वर्षांची समजूत त्या नळीनं हलली. मी आधी कितीदा सांगितलं होतं, पेपरात यायचं, पुढं २०१३ ला जादूटोणाविरोधी कायदा आला त्यातसुद्धा साप चावलेल्याला औषधोपचारापासून अडवून मंत्रतंत्र करणं हा गुन्हा धरलाय. कायदा हवाच. पण रात्री पहिला फोन कुणाला जातो ते माणसानं काय बघितलंय आणि कुणाच्या तोंडून ऐकलंय त्यावर असतं. त्या डॉक्टरांनी आम्हाला एकदाही अंधश्रद्धाळू म्हटलं नाही, उलट म्हणाले बुवांचा मंत्र चालू दे, पण इथं खाटेजवळ बसून.

हे फक्त सापाचंच आहे असं नाही. आमच्या वडिलांनी जन्मभर शेअरला हात लावला नाही कारण १९९२ ला हर्षद मेहताच्या वेळी त्यांच्या मित्राचे पैसे बुडाले ते त्यांनी जवळनं बघितलं. तिथं एक बुडालेला मोजला गेला, टिकलेले कुणी मोजले नाहीत. आता कुठल्या गोष्टीबद्दल मला फारच खात्री वाटली की मी स्वतःला विचारतो, यात कुणाची मोजणी राहिली?

चौथ्या दिवशी बुवा स्वतः हॉस्पिटलात आले, हातात नारळ. भावाच्या उशाशी बसले, बराच वेळ. निघताना व्हरांड्यात मला म्हणाले, फुरशाचं माझ्याकडनं कधी उतरलं नाय रे, मला ठाऊक होतं, पण रात्री दारात माणूस आणून ठेवतात, त्याला परत कसा पाठवू? मग खिशातनं वही काढली आणि डॉक्टरांचा नंबर लिहून घेतला.