मावशीचं घर टार्नीटला, शाळा ग्लेन वेव्हर्लीला?

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही इचलकरंजीचे. मुलगा आता दहावीत जाईल, सेमी-इंग्रजीला आहे. माझी मावसबहीण मेलबर्नजवळ टार्नीटला बरीच वर्षं राहते. ती म्हणते, “दहावी झाली की पाठव, माझ्याकडे राहील, इथल्या सरकारी शाळेत घालू.” एजंटनं मात्र तीन नावं लिहून दिलीत : ग्लेन वेव्हर्ली सेकंडरी कॉलेज, बाल्विन हायस्कूल आणि मकिनन सेकंडरी कॉलेज. त्याचं म्हणणं, पाठवायचं तर टॉपच्याच शाळेत, नाहीतर पैसे पाण्यात. सासूबाई म्हणतात, सरकारी शाळेतच घालायचं तर विमानाचं तिकीट कशाला, आपली महापालिकेची शाळा काय वाईट आहे? शाळा निवडायची कशी?
— एक आई

उत्तर : आधी सासूबाईंना सांगा, की ऑस्ट्रेलियात साठ टक्क्यांहून जास्त मुलं सरकारी शाळांतच शिकतात. मी ज्या वर्गांत गणित शिकवलं तिथे डॉक्टरांची मुलं आणि टॅक्सीवाल्यांची मुलं एका बाकावर असायची. मात्र सरकारी म्हणजे तुमच्या मुलाला फुकट असं समजू नका. स्टुडंट व्हिसावर येणाऱ्याला व्हिक्टोरियाच्या, म्हणजे मेलबर्न ज्या राज्यात आहे त्याच्या, शिक्षण खात्याची पूर्ण फी भरावी लागते. माध्यमिकला ती वर्षाला १५ हजार ऑस्ट्रेलियन डॉलरांच्या वर जाते आणि गणवेश, लॅपटॉप, आरोग्य विमा, राहणं-खाणं वेगळं. व्हिसाची फीच जुलै २०२५ पासून २,००० डॉलर आहे. नाकारला गेला तरी ती परत येत नाही.

आता एजंटची यादी. तिन्ही शाळा चांगल्या आहेत, वाद नाही. पण या शाळांना इतकं वलय का, ते बघा. इथे प्रत्येक सरकारी शाळेचा एक ठरलेला परिसर असतो. त्या परिसरात राहणाऱ्या मुलाला जागा मिळालीच पाहिजे, म्हणून लोक त्या हद्दीत घर मिळवायला जास्तीचे पैसे मोजतात. शाळा आधीच भरलेल्या, त्यामुळे परदेशी मुलांसाठी उरतात मोजक्याच जागा. अर्ज थेट शाळेकडे जात नाही, खात्याकडे जातो. पसंतीच्या शाळा लिहिता येतात, पण पसंती लिहिली म्हणजे जागा मिळाली असं नाही. आणखी एक, बऱ्याच एजंटना इकडून कमिशन मिळतं. त्यात गैर काही नाही, पण “तुम्हाला कमिशन कोणाकडून आणि किती मिळतं?” हे तोंडावर विचारायला लाजू नका. तो खात्याच्या अधिकृत एजंटांच्या यादीत आहे का, तेही बघून घ्या.

आणि त्याला मेलबर्नचा नकाशा दाखवा हो! टार्नीट शहराच्या पश्चिमेला, ग्लेन वेव्हर्ली थेट दुसऱ्या बाजूला, आग्नेयेला. मुलानं सकाळी टार्नीटहून जिलाँग लाइनची गाडी पकडून सदर्न क्रॉसला यायचं, तिथून ग्लेन वेव्हर्ली लाइनची गाडी बदलून शेवटच्या स्टेशनपर्यंत जायचं. घरापासून शाळेपर्यंत दीड-दोन तास सहज. शाळा नऊच्या आसपास भरते आणि सव्वातीनच्या सुमारास सुटते. जूनमध्ये इकडे थंडी, सकाळी सात वाजता बाहेर अंधार. असा मुलगा तिसऱ्या तासाला माझ्या वर्गात पेंगायचा, मग त्याची शाळा टॉपची असो की तळाची.

पण अंतरापेक्षा मोठी गाठ दुसरीकडे आहे, आणि ती एजंटनं तुम्हाला सांगितलेली दिसत नाही. अठरा वर्षांखालचा विद्यार्थी कोणाकडे राहणार, हे व्हिसा देणारं सरकार बघतं. आई-वडील किंवा एकवीस वर्षांवरचा, चारित्र्याची खात्री पटलेला नातेवाईक चालतो. नातेवाईक कोण, तेही त्यांनी ठरवून दिलंय. आजी-आजोबा, सख्खी किंवा सावत्र भावंडं, आई-वडिलांचे सख्खे किंवा सावत्र भाऊ-बहिणी वगैरे. तुमची मावसबहीण तुमच्या मुलाला मावशी म्हणून कितीही जवळची असली, तरी या यादीत ती बसत नाही. मावसभाऊ, चुलतभाऊही बसत नाहीत. “माझ्याकडे राहील” हे तिचं प्रेमाचं बोलणं आहे, पण व्हिसाच्या कागदावर ते तसंच चालायचं नाही.

मग काय करायचं? एक वाट अशी, की तिचं घर पालकांनी सुचवलेलं होमस्टे, म्हणजे विद्यार्थ्याला ठेवून घेणारं यजमान घर, म्हणून पुढे ठेवायचं. अशा वेळी मुलाच्या राहण्याची आणि देखरेखीची हमी शिक्षण खातं पत्रानं देतं, म्हणून शाळेची माणसं घर पाहायला येतात. मुलाला स्वतंत्र खोली आहे का, अभ्यासाला टेबल आहे का, घरात कोण कोण राहतं, सगळं बघतात. घरातल्या अठरा वर्षांवरच्या प्रत्येकाला मुलांसोबत वावरण्याची सरकारी तपासणी पार करावी लागते, यजमानांच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलालासुद्धा. हे सगळं शाळा करणार म्हटल्यावर घर शाळेच्या आवाक्यात हवं. दुसरी वाट म्हणजे तुमच्यापैकी एकानं पालक व्हिसावर इकडे येणं. त्या व्हिसावर नोकरी करता येत नाही, म्हणजे एका पगारावर दोन घरं चालवायची. हिशेब आजच मांडा.

म्हणून माझा सल्ला असा : आधी घर नक्की करा, शाळा त्यामागून. बहिणीला सांगा, की घरापासून पाऊण तासाच्या आतल्या सरकारी शाळा काढ. पश्चिमेला पाहण्यासारख्या शाळा आहेत. वेरिबी सेकंडरी कॉलेज आहे, पॉइंट कुक सीनियर सेकंडरी कॉलेज आहे. हे दुसरं मला तुमच्या मुलासारख्यांसाठी विशेष बरं वाटतं, कारण ते दहावी ते बारावीचंच आहे. तिथे दहावीला सगळीच मुलं नवी असतात, त्यामुळे सातवीपासून जमलेल्या कंपूंत एकटा पडण्याचा त्रास कमी. अर्ज भरण्याआधी मात्र त्या त्या शाळेला परदेशी विद्यार्थी घेण्याची मान्यता आहे ना, ते खात्याच्या यादीत तपासा. वेरिबीचीच सुझान कोरी हायस्कूल बहीण मोठ्या उत्साहानं सुचवेल. ती निवडक शाळा आहे, तिचे मुख्य प्रवेश नववीसाठी आठवीतल्या परीक्षेवर होतात. यादीतून काढून टाका.

शाळा चांगली की नाही हे कशावरून ठरवायचं? लोक बारावीच्या निकालाचा तक्ता उघडतात. इकडच्या बारावीला व्हीसीई म्हणतात. प्रत्येक विषयाचा गुणांक ५० पैकी असतो आणि सरासरी ३० च्या आसपास राहते. तक्त्यात शाळेचा मधला गुणांक आणि ४० च्या वर किती टक्के, एवढंच दिसतं. परीक्षा घेऊन मुलं निवडणारी शाळा वर असणारच. त्याऐवजी ‘माय स्कूल’ या सरकारी संकेतस्थळावर जा. तिथे शाळेतल्या मुलांच्या घरच्या पार्श्वभूमीचा आकडा मिळतो, देशाची सरासरी १०००. ९५० च्या शाळेचा मधला गुणांक ३० असेल, तर मला ती ११०० वाल्या ३२ पेक्षा जास्त शिकवणारी वाटते. घरात भाषा वेगळी असलेली मुलं किती टक्के, तेही तिथेच कळतं. शाळेचा वार्षिक अहवालही वाचा. हजेरीचे आकडे बघा, मुलांना शाळा कशी वाटते या सर्वेक्षणाचं पान तर चुकवू नका.

मग शाळेच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी समन्वयकाला ई-मेल करा. हे पद प्रत्येक मान्यताप्राप्त शाळेत असतं. पत्र तुम्ही लिहा, एजंटकडून नको. मी तुमच्या जागी असते तर विचारलं असतं : मागच्या वर्षी बारावीला स्पेशालिस्ट मॅथेमॅटिक्सचा, म्हणजे सगळ्यांत वरच्या पातळीच्या गणिताचा, वर्ग शाळेत भरला का, भरला तर किती मुलं होती? लहान शाळांत हा वर्ग भरतोच असं नाही, मग मुलाला तो व्हर्च्युअल स्कूल व्हिक्टोरियातून दुरून शिकावा लागतो. फिजिक्स आणि केमिस्ट्री वेळापत्रकात एकमेकांवर आदळतात का? बारावीची किती मुलं गुणांकासह परीक्षा देतात? कारण २०२३ पासून व्हीसीईत व्होकेशनल मेजर नावाची शाखा आलीय. नावात व्हीसीई आहे म्हणून फसू नका. विद्यापीठ प्रवेशाचा क्रमांक, ज्याला इकडे सगळे ‘एटार’ म्हणतात, तो त्या वाटेनं मिळत नाही. सुतारकाम किंवा इलेक्ट्रिशियनचं शिकायचं असेल तर उत्तम शाखा आहे, पण मुलाला आणि तुम्हाला ते माहीत असून निवडलेलं असावं.

वेळेबद्दल. इकडचं वर्ष जानेवारीच्या अखेरीस सुरू होऊन डिसेंबरात संपतं, चार सत्रं. दहावी बोर्ड देऊन मुलगा जुलैच्या सत्राला आला, तर डिसेंबरपर्यंत साधारण वीस आठवडे इंग्रजीचा सघन वर्ग करून जानेवारीत वर्गात बसू शकतो. हा वर्ग त्याच शाळेत असेल असं नाही. दूर असेल तर होमस्टेचं गणित पुन्हा फिरतं, म्हणून तेही ई-मेलमध्ये विचारा. जानेवारीत अकरावीच हवी असा हट्ट धरू नका. दहावीत बसला तर वर्ष वाया गेलं म्हणून नातेवाईक हळहळतील. हळहळू द्या. विषयांची निवड शाळा आदल्या वर्षाच्या मध्यावर करून घेते. तोवर शिक्षक मुलाला ओळखत नसतील, तर जो विषय रिकामा असेल तोच गळ्यात पडतो. वयाची अडचण नाही : दहावी सुरू करताना अठराच्या आत, अकरावीला एकोणीसच्या आत असलं की झालं.

आणि एकदा घातला की लगेच बदलता येईल असं समजू नका. पहिले सहा महिने दुसऱ्या संस्थेत जायला नियमानं अटकाव आहे.

प्रश्न : मी लातूरची. मराठी माध्यमातून दहावी दिली. पुढच्या वर्षी आईबरोबर मेलबर्नला जाणार आहे. गणित छान आहे, इंग्रजी बेताचं. बाबा म्हणतात अर्जात मराठी माध्यमाचा गवगवा नको. व्हीसीईला इंग्रजी टाळता येतं का?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : टाळता येत नाही गं. इंग्रजीशिवाय एटार मिळत नाही. पण बाबांना सांग, मराठी माध्यम लपवू नका, उलट मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्यानिशी पत्र घ्या. पहिली ते दहावी शिक्षणाचं माध्यम मराठी होतं, एवढं स्वच्छ लिहिलेलं. व्हीसीईत इंग्रजी ही दुसरी भाषा असलेल्यांसाठी वेगळा पेपर आहे. ढोबळ अट अशी, की इंग्रजी बोलणाऱ्या देशात सात वर्षांहून जास्त राहिलेलं नसावं आणि शिक्षणाचं मुख्य माध्यम सात वर्षांहून जास्त इंग्रजी नसावं. तू त्यात सरळ बसतेस. कॉन्व्हेंटवाली तुझी मैत्रीण बहुधा बसणार नाही. एटारसाठी हा पेपर इंग्रजी म्हणूनच धरला जातो. (सेमी-इंग्रजीवाल्यांनी कोणत्या इयत्तेपासून कोणते विषय इंग्रजीत होते, ते पत्रात लिहून घ्यावं.)

गणिताचं मात्र गृहीत धरू नकोस. मॅथेमॅटिकल मेथड्स या व्हीसीईतल्या गणिताच्या विषयाच्या दोन परीक्षा असतात. पहिली एक तासाची, कॅल्क्युलेटरशिवाय. ती तुला सोपी जाईल, आपल्याकडच्या मुलांना जातेच. दुसरी दोन तासांची, आणि तिला सीएएस नावाचा कॅल्क्युलेटर लागतो. समीकरण सोडवून देतो, आलेख काढतो. आपली हुशार मुलं तो बाजूला ठेवून पानभर आकडेमोड करत बसतात आणि वेळ संपतो. पहिल्या दिवसापासून तो हातात घे. शिवाय मेथड्सचे ४० टक्के गुण वर्षभरात वर्गातच ठरतात, शेवटच्या परीक्षेला उरतात ६०. इंग्रजीत निम्मे-निम्मे. “शेवटी रात्र जागून करू” हे लातूरला चालत असेल, इकडे मार्चमध्येच उशीर झालेला असतो. शाळा निवडताना गणिताच्या शिक्षकांना विचार, शाळा सुटल्यावर मदतीचा तास असतो का, कोणत्या वारी, कोण घेतं. नाव आणि वार सांगता आला तर तो तास खरा आहे.

प्रश्न : मुलगी बारावी तिकडे सरकारी शाळेत करेल आणि एमबीबीएसला परत महाराष्ट्रात येईल, असा विचार आहे. चालेल का? आम्ही नाशिकचे, तीन पिढ्यांचे रहिवासी.
— एक वडील

उत्तर : मग पाठवूच नका. महाराष्ट्रातल्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली असावी लागते. सवलत मोजक्यांना, उदाहरणार्थ काही सरकारी आणि लष्करी कर्मचाऱ्यांच्या मुलांना. ऑस्ट्रेलियातून बारावी केली, तर नीट देता येईल, पण भारतीय विद्यापीठ संघाचं समकक्षता प्रमाणपत्र, फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी-इंग्रजी चारही विषय आणि उरलेल्या जागांची स्पर्धा, एवढं सगळं अंगावर येईल. फीचे पैसे नाशिकलाच ठेवा.