प्रश्न तुमचा: नात्यातले लग्न आणि जनुके

प्रश्न : आमच्या खानापूर भागात मामाची मुलगी करतात, काही घरांत सख्खी भाचीही. नाते टाळून लांबच्या गावची, पण जातीतलीच मुलगी केली तर धोका संपतो का?

उत्तर : कमी होतो, संपत नाही. मामेबहिणीशी लग्न झाल्यास मुलाच्या एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून येण्याची शक्यता १/१६ असते, भाचीशी झाल्यास १/८. समजा, एखादा आजार जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असल्या तरच होतो, आणि त्याचा वाहक (एकच प्रत सदोष, स्वतः निरोगी) ५० माणसांत एक आहे. नाते नसलेल्या जोडप्याच्या मुलाला तो आजार होण्याची शक्यता सुमारे १०,००० त १. मामेबहिणीच्या बाबतीत सुमारे १,४०० त १.

आता जातीचे. गाव बदलले तरी पूर्वज तेच मोजके असू शकतात. दक्षिण आशियातील २६३ समूहांच्या २०१७ मधील अभ्यासात ८१ समूहांत मोजक्या पूर्वजांची ही कोंडी फिनलंडच्या लोकांपेक्षाही (तेही मोजक्याच पूर्वजांपासून वाढलेले) तीव्र दिसली. समूह मोठा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. त्यांतले काही दहा लाखांहून मोठे होते.

पत्रिकेआधी दोन्हीकडच्या तीन पिढ्यांचा तक्ता काढा. लहानपणी दगावलेली मुले, वारंवार रक्त चढवावे लागलेले, जन्मतः बहिरे, सगळे लिहा. (हीच माहिती घरात लपवली जाते.) थॅलेसेमियासाठी (हिमोग्लोबिन नीट न बनण्याचा आनुवंशिक आजार) दोघांचीही सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि एचपीएलसी (हिमोग्लोबिनच्या प्रकारांची तपासणी) करा. एचबीए२ हा हिमोग्लोबिनचा प्रकार साधारण ३.५ टक्क्यांवर असेल तर वाहक समजतात. पण अंगात लोह कमी असेल तर आकडा खाली येऊन वाहक सुटतो. म्हणून फेरिटिनही (अंगातला लोहाचा साठा) तपासा. दोघेही वाहक निघाले, तर दर गर्भारपणी बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. तेव्हा गर्भधारणेपूर्वीच जनुकीय सल्लागाराला भेटा.